आठ चुकांची कॉफी

सोमवार, ४ जानेवारी १९६०
प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारलं, आपली मुलं स्वतःच्या डोक्याने विचार करतात का, हे मोजता येईल? म्हटलं, येईल. कॉलेजात लॉजिक शिकवणारा मी एकटा. महिनाअखेर परीक्षा विभागाचा प्रमुख नेमायचाय. फिजिक्सचा उमाकांत टपून बसलाय, पण प्रमुख मीच. अनुसूयेला सांगून टाकलं. ती इथल्या कानडीत 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

बुधवार, ६ जानेवारी
सायन्स, आर्ट्स, कॉमर्स, सगळ्यांना एकच उतारा, माझ्या नावाने: कॉफीने बुद्धी वाढते. पुरावा? गेल्या वर्षी पहिला आलेला मुलगा रोज तीन टंबलर, म्हणजे पेले, प्यायचा. मुद्दाम आठ चुका पेरल्यात. जो हरकत घेईल तो पास, मान डोलावील तो नापास. अनुसूयेने वाचून विचारलं, शेवटचा आलेला किती प्यायचा? बायकांना यातली खोच कळत नाही.

सोमवार, ११ जानेवारी
परीक्षा झाली. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. मुलं विचार करत होती, दिसतच होतं.

गुरुवार, १४ जानेवारी
संक्रांत. घरात पाहुणे, मी पेपरांत. एकशे बेचाळीसपैकी एकशे एक्केचाळीस जण लिहितात, 'सरांचं म्हणणं अगदी बरोबर आहे.' कॉमर्सवाल्यांनी समास आखून, आर्ट्सवाल्यांनी अलंकार घालून. सायन्सवाल्यांनी टंबलरची आकृती काढून भागांना नावं दिलीत. संताप संताप झाला.

शुक्रवार, १५ जानेवारी
शांतपणे उतारा पुन्हा वाचला. तीन शाखांतल्या इतक्या मुलांना पटतं, म्हणजे तथ्य असणारच. पुष्कळांना पटलं म्हणून खरं मानू नये, हे मीच जूनमध्ये शिकवतो. पण ते किरकोळ बाबतीत. उद्यापासून तीन टंबलर.

सोमवार, १८ जानेवारी
तिसरा दिवस. डोकं लख्ख! चव जरा कडवट, जोरदार असणार. अनुसूया इथल्या शिवाजीनगरच्या बाजारातून काहीतरी आणा म्हणत होती. प्रयोग चालू असताना बाजार कसला!
उरलेला पेपर बॉटनीच्या कावेरीचा. पोरीने नऊ चुका काढल्यात. नववी: 'टंबलरमध्ये कॉफीच होती, हे कुणी पाहिलं?' पोरकटपणा. मी पेरल्या आठ. आगाऊपणाचा एक मार्क कापला.

शनिवार, २३ जानेवारी
स्टाफ मीटिंग. उभा राहून जाहीर केलं की उताऱ्यातला सिद्धांत खरा निघालाय, आठ दिवस स्वतःवर प्रयोग केलाय.  साहेबांनी हरकत घेणारा एकमेव, कावेरीचा पेपर मागवून मोठ्याने वाचला. सगळे हसले. प्रमुख उमाकांत.
फार लागलं मनाला. लोकांना सांगून बसलो होतो.

रविवार, २४ जानेवारी
अनुसूयेला म्हटलं, पद गेलं तरी बुद्धी वाढली ती वाढलीच. ती म्हणाली, अहो, कॉफी संक्रांतीच्या पाहुण्यांतच संपली. आणा म्हणून दोनदा सांगितलं, तुमचं लक्ष नाही. कॉफीत मिसळायची चिकोरी तेवढी डब्यात होती. आठ दिवस तीच उकळून देतेय.
 कावेरीचा पेपर काढला आणि कापलेला मार्क परत दिला.