ओंजळभर कोंडा

मु. चिचघाट, तहसील ब्रह्मपुरी, जिल्हा चांदा
१७ जून १९५७

प्रिय इस्तारी,

पौषात तुझी सुगंधा गेली तेव्हाच तुला चार ओळी लिहायला हव्या होत्या. लिहिल्या नाहीत. आज लिहायला बसलो तर तेही कामासाठी, याची लाज वाटते. माझं शिक्षण चौथीचं, अक्षर कसं आहे ते तू जाणतोस. लागलं नाही तरी हे पत्र शेजाऱ्याकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव, उन्हात बस आणि स्वतःच वाच.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहितात, पण ठीक काही नाही. माझ्या पायांवर सूज येते, सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. यंदा मासे धरायला डोंग्यात बसलो नाही. तलावाच्या पाळीवर बसून दुसऱ्यांची जाळी शिवतो. धानाचा आवत्या फेकून पेरावा की रोवणीसाठी पऱ्हे टाकावे, याचाही निर्णय होत नाही. गोकुळा म्हणते, तुम्ही बसल्या बसल्या थकता. खरं आहे. मला काम थकवत नाही, विचार थकवतो.

डोमा नागपुरात इंटर पास झाला, पहिल्या वर्गात. त्याला दगडांचं शिक्षण घ्यायचं आहे. हे खूळ तूच त्याच्या डोक्यात घातलंस. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तो तुझ्याकडे महिनाभर राहिला, तू त्याला मँगनीजच्या खाणीवर नेलंस, आणि तिथून तो पिशवीभर दगड घेऊन आला. त्यातल्या एकावर गोकुळा लसूण ठेचते. तो चिडून म्हणाला, ‘माय, थो मँगनीज आहे.’ ती म्हणाली, ‘असन. ठेचते तं बरा.’ तुमच्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठात हा विषय फार चांगला शिकवतात म्हणे. तिथल्या राज्याच्या मुलांना फी माफ आणि वसतिगृहही मिळतं. बाहेरच्या राज्यांतल्या मुलांसाठी साऱ्या मिळून सहा जागा. सहा, इस्तारी. त्यात कलकत्त्याची मुलं येणार, मद्रासची येणार आणि आमचा डोमा.

मागच्या नोव्हेंबरपर्यंत आपण एकाच राज्यात होतो. मग एका सकाळी ते बदललं. मी खाटेवरून उठलोही नव्हतो आणि मुंबई राज्यात जाऊन पडलो होतो. तू बालाघाटला, मध्यप्रदेशातच राहिलास. नदीच्या पुरात तुझ्याकडची लाकडं अजून आमच्या घाटाला लागतात. आता ती परराज्याची झाली म्हणून परत पाठवायची काय, असं मी तहसीलच्या कारकुनाला विचारलं. तो हसला नाही.

कारकुनाकडे का गेलो होतो, ते सांगतो. त्यासाठी मागचं काढावं लागेल. तुला ते पाठ आहे, पण मी कधी मोकळेपणाने बोललो नाही.

आमची चार लेकरं गेली. पाचव्या वेळी सोनीबाई सुईण म्हणाली, हे ठेवायचं असेल तर विकून टाका. जगत नसलेलं लेकरू दुसऱ्याचं झालं की मरण त्याच्या दारात येत नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. तिने डोमाला सुपात घातलं आणि सूप उंबऱ्याबाहेर ठेवलं. सुगंधाने ओंजळभर कोंडा दिला आणि त्याला उचललं. पाच माणसांसमोर तो तुमचा झाला. मग गोकुळाने परक्याचं लेकरू म्हणून त्याला दूध पाजलं. तो रडला तरी मी ‘माझा’ म्हणायचं नाही, असा दंडक होता. पाचव्या वर्षी तेवढाच कोंडा देऊन त्याला परत घ्यायचं, एवढं ठरलं होतं.

पुढे तू खाणीत कामाला लागून बालाघाटला गेलास. पाचवं वर्ष संपलं तेव्हा बोलावल्याप्रमाणे तुम्ही दोघं छोट्या लाइनच्या रेल्वेगाडीने आलात. सूप तयार होतं, कोंडा चाळलेला होता. आणि त्याच सकाळी डोमाचं अंग तापलं. मी घाबरलो. म्हटलं, आज नको, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी गावात देवी आल्या. त्यानंतरच्या वर्षी कारण नव्हतं, तरी मी टाळलं. मला वाटायचं, ज्या दिवशी मी त्याला आपला म्हणेन, त्या दिवशी मरण ऐकेल. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा मास्तरने बापाचं नाव विचारलं. मी दाराकडे पाहिलं, आढ्याकडे पाहिलं आणि म्हणालो, इस्तारी. त्याने लिहून घेतलं. तेच पुढे मॅट्रिकच्या कागदावर गेलं, तेच इंटरच्या. गावातले टवाळ डोमाला म्हणायचे, ‘इस्तारीचा पोरगा मनसारामच्या घरी फुकट जेवते.’ तोही हसायचा. मी हसायचो नाही.

आणखी एक आहे. सुगंधा दर दिवाळीला त्याच्यासाठी सदरा शिवून पाठवायची. तुमच्या घरी पाळणा हलला नाही, हे मला माहीत होतं. तरी मी डोमाला सांगायचो, ब्रह्मपुरीच्या बाजारातून आणला. बारा वर्षं सांगितलं. तुमच्याकडे राहायला आला तेव्हा तिने त्याला सहज विचारलं असेल, गेल्या वर्षीचा सदरा आखूड झाला काय. परत आल्यावर तो एवढंच म्हणाला, ‘बाबा, मोठीमायच्या सदऱ्याले बाजाराचा काऊन म्हटलं?’ सुगंधा गेली तेव्हा पत्र लिहायला बसलो, आणि तोच प्रश्न पुढ्यात येऊन बसला. म्हणून चार ओळी झाल्या नाहीत.

तर अर्जाचं. डोमाने बापाच्या नावाच्या जागी माझं नाव लिहिलं आणि राज्य लिहिलं मुंबई. त्याच्या जुन्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले, बाबा रे, तुझे सगळे कागद दुसरंच नाव सांगतात. आधी तहसिलीतून नाव दुरुस्त करून आण. म्हणून मी गेलो. कारकुनाने कागद उलटे केले, सुलटे केले आणि म्हणाला, ‘काय मनसारामजी, अठरा वर्षांनी बाप झाले काय?’ सगळे हसले. दुरुस्तीला चार महिने लागतील आणि अर्जाची शेवटची तारीख तीस जून. दुरुस्ती झालीच तरी पुढे सहा जागा. तेव्हा हेडमास्तर दुसरा कोरा अर्ज घेऊन आले. म्हणाले, कागद आहेत तसेच राहू द्या. बाप इस्तारी, राहणार बालाघाट. कोणी बोट ठेवणार नाही, मुलगा राज्यातला धरला जाईल.

डोमा अडून बसला. म्हणाला, हे खोटं आहे. मी म्हणालो, यातलं खोटं कोणतं? पाच माणसांसमोर तुला इस्तारीला विकलं, आणि सोडवलं कधीच नाही. माझ्या तोंडून ते निघून गेलं. तो खाणीवरचा एक दगड हातात फिरवत बसला. मग त्याने विचारलं, ‘मले काऊन नाई सोडवलं, बाबा?’ मी म्हणालो, भीती वाटली. तो म्हणाला, आता वाटते काय? मी हो म्हणालो. पण आताची भीती वेगळी आहे, हे त्याला सांगता आलं नाही.

शेवटी त्याने दोन्ही अर्ज पूर्ण भरले. दोन्हीवर सही केली आणि माझ्या हातात दिले. म्हणाला, ‘तुम्ही ठरवा. जो पाठवाल, थो माझा.’ त्याला नऊ दिवस झाले. दोन्ही अर्ज टिनाच्या पेटीत आहेत. मी पेटी उघडतो, पाहतो आणि बंद करतो. तुला सांगतो, गेली तेरा वर्षं दर हंगामाला धान कांडलं की गोकुळा ओंजळभर कोंडा मडक्यात भरून ठेवते, जुना काढते, नवा घालते. कधी विचारलं नाही आणि कधी चुकली नाही. आज सकाळी तिने ते मडकं उतरवलं आणि कोंडा म्हशीच्या आंबोणात घातला. मी पाहत होतो. तिने माझ्या आधी ठरवलं होतं.

तर या पाकिटात दुसरा अर्ज आहे, तुझ्या नावाचा. बापाच्या सहीच्या जागी हेडमास्तरांनी पेन्सिलीने फुली केली आहे. तिथे सही कर आणि तीस तारखेच्या आत स्वतः नेऊन दे, टपालावर भरवसा ठेवू नकोस. पहिला अर्ज मी ठेवून घेतला आहे. डोमाचा बाप मनसाराम, असं लिहिलेला जगात तो एकच कागद आहे, आणि ते त्याच्या अक्षरात आहे. मुलगा तुझ्याकडे येईल तेव्हा त्याला जेवू घाल. त्याला कारलं चालत नाही. सुगंधाची एखादी वस्तू असेल तर त्याला दे, आणि ती कोणाची ते खरं सांग. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. माझ्या पायांची सूज परवा गुडघ्याच्या वर गेली. डोमाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. उद्या इकडून तार आली तर तो सुट्टी मागायला जाईल आणि ते विचारतील, कोण वारलं? तो काय सांगणार? कागदावर त्याचा बाप बालाघाटात धडधाकट असेल. म्हणून वसतिगृहाच्या सुट्टीच्या अर्जावरही बाप म्हणून तू आजच सही करून ठेव, तारीख कोरी सोड. कारण काहीही लिही. फक्त त्याला तेरा दिवस मिळू देत.

बारा सदऱ्यांचं खोटं बोललेला, तरी तुझाच
मनसाराम