पाऊण तासाचं प्रस्थान

मुक्काम कॉट्झेब्यू, अलास्का
जून २००५

सौ. विहीणबाई मीनाक्षीताई यांस,

गुडघ्यांना झेपेल तेवढा वाकून नमस्कार. तुमची शुगर, व्याहीबुवांचा खोकला आणि नागपूरचा उकाडा कसा आहे? (इथं जूनमध्ये स्वेटर लागतो.) आपला नातू गुटगुटीत आहे. नाक तुमच्याकडचं, पण शोभतं. नावाचं शेवटी लिहिते.

तर बारशाची हकिगत. आमच्या नंदूला कॅरीतलं चांगलं घर सोडून इथं अलास्कात नोमलाच नोकरी धरायची होती, आणि तुमच्या परीक्षितला बर्फाचा अभ्यास करायला माझ्या अदितीला घेऊन कॉट्झेब्यूच गाठायचं होतं (हे नाव घेताना माझी कवळी सुटते). मी नंदूकडे, बाळ तिकडे, मध्ये रस्ता म्हणून नाही, नुसतं विमान. नंदू म्हणाला, "आई, एकशेऐंशी मैल. पाऊण तास. जाशील नि चहाला बसशील." बाळाला कुंची माझ्या हातानं घालायची, एवढीच इच्छा. पण बारसं बुधवारी, तिकीट सोमवारचं, आणि सोमवारी अमावास्या! तिकीट बदलेना, तेव्हा अमावास्येआधीच निघाल्यासारखं व्हावं म्हणून मी रविवारीच प्रस्थान ठेवलं: तांदूळ, सुपारी आणि ती कुंची, जुन्या पातळात बांधून. गाठोडं शेजारी ठेवायचं असतं हे तुम्हाला सांगायला नको, पण नंदूचे शेजारी मासे पकडायला गेलेले. मग विमानतळावर तिकिटं बघणारी डॉटी आहे, तिच्या टेबलावर ठेवलं, "कॉट्झेब्यू" म्हटलं, हात जोडले नि घरी आले.

तिनं ते संध्याकाळच्या विमानात घातलं की हो! पाऊण तासात पोचलंसुद्धा.

माझं काय? सोमवारी धुकं. मंगळवारी उडालो. शेजारच्या सीटवर कुत्रा, मागे कुणाचे तरी टायर. कॉट्झेब्यूवर घिरट्या घातल्या, पण खाली लेकीच्या गावाऐवजी नुसता पिंजलेला कापूस. परत नोम! जाऊन-येऊन दीड तास नि अंतर शून्य. वाटेत सगळ्यांना दशम्या वाटल्या, कुत्र्यालाही. पायलट म्हणतो, "गुड, ग्रँडमा!" म्हटलं, "गुड कसलं, उतरव की मेल्या!"

बुधवारी बारशाची वेळ झाली नि मी नोमच्या बाकावर. रडूच फुटलं. डॉटीनं आपला फोन दिला. कुंची गाठोड्यात आहे, एवढंच अदितीला सांगायचं होतं. ती म्हणाली, "आई, तुझ्या जागी गाठोडंच पाटावर बसवलंय. आता पाळणा तूच म्हण." मग काय! तिनं फोन बाळाजवळ धरला, मी विमानतळावर उभी राहून सगळी कडवी म्हटली. डॉटीनं टेबलावर ताल धरला.

गुरुवारी पोचले. पाऊण तासात. बारशाला घातलेली कुंची काढून माझ्या हातानं पुन्हा घातली.

तुमची,
शरयू

ता. क. बाळाचं नाव श्रीरंग. तुम्ही ठरवलेलं चंद्रशेखर तुमची रेणू हर्नडनहून फोनवर बाळाच्या कानात सांगणार होती, आत्याचा मान तिचाच. पण अदितीकडे फोन एक, आणि त्यावर मी. शेवटच्या कडव्यात नाव घालावं लागतं, तोंडाला आलं ते घातलं. रेणू आता माझा फोन उचलत नाही. तेवढी तिची समजूत काढा.

ता. क. आणखी एक. धुकं दुसऱ्या कडव्यालाच विरलं होतं. डॉटी विमानाकडे बोट दाखवून "गो, गो" करत होती. पण मी विमानात बसले असते, तर पाऊण तास फोन मोकळा राहिला असता ना!