भद्र्याची माती

चौसाळा,
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. राजेश्वर,

आशीर्वाद हायतच, पण फोन कावून उचलत न्हाईस? दाजींनी केला की "बोला दाजी", आन माझा आवाज आला की तू गाडीवर असतोस. बारा महिने गाडीवर? दर भाऊबीजेला ताट मांडते, तसंच उचलून ठेवते. म्हणून कागदावर लिहितेय. हा तरी मधीच कट करता येत न्हाई.

इकडं बरं हाय. पाऊस लई झाला, सोयाबीन काळं पडलं. दुकान चालू हाय.

आता ऐक. श्रावणात शेवटच्या सोमवारी मी कपिलधारला पायी गेलते. दाजी म्हणत होते जीपनं जा. मी कुणाचं ऐकते? मांजरसुंब्याच्या अलीकडं गुडघे धरले, बसले मटकन रस्त्याच्या कडंला. तर एक म्हातारी मला मागं टाकून निघाली. पंचाहत्तरीच्या पुढची. पायात पुरुषाचे बूट, पुढं चिंध्या कोंबलेल्या. म्हणाली, ऊठ, रडत चाल पण चाल. म्हणलं, मी रडत न्हाई. तर म्हणती, मग लवकर पोचशील.

शांतादेवी नाव, उदगीरकडची. श्रीशैलला दोनदा एकटी चालत जाऊन आलीय. पोरं ओरडतेत म्हणून फोन बंद करून पिशवीत टाकती. तुझ्यासारखीच.

कपिलधारला धबधब्यापाशी तोंड धुताना दिसलं, तिच्या गळ्यात दोन इष्टलिंगं. मी तोंडाळ, इचारलंच. आपल्यात ज्याचं लिंग त्याच्याबरोबर मातीत जातंय, मग दुसरं कुणाचं?

"मालकांचं," म्हणाली. "कोरोनात हैदराबादेत गेले. तिथं जाळलं, माती मिळाली न्हाई. मला पुरत्याल तवा दोन्ही माझ्याबरोबर जात्याल. तवर चालवते त्यांना. जित्तेपणी उंबरा सोडत नव्हते."

ती हसली. मला न्हाई जमलं.

माझ्या भद्र्याला बी त्याच कोरोनात पुण्यात जाळलं. तू न्हाई, म्युनशिपालटीच्या लोकांनी. तुला बी लांब उभं केलतं, ठाऊक हाय मला. आपल्यात मांडी घालून बसवतेत, मग माती देतेत. माझ्या लेकराला कुणी बसवलं बी न्हाई. त्याचं लिंग तेवढं दवाखान्यानं तुझ्या हातात दिलतं. तू म्हणालास, हरवलं. मी बी मानलं.

काल शिवांजली फोनवर बोलून गेली. बायकोवर ओरडू नको, तिच्या तोंडून निसटलं. तुझ्या गळ्यात दोन हायत. सकाळी पूजेला दोन्ही तळहातावर घेतोस आन उठतच न्हाईस.

मामानं त्याला खांद्यावर वाढवलं, कबूल. पर त्याला मातीत न्यायचं काम आईचं हाय. माझ्याबरोबर जाईल. तवर मी चालवते, पुनवेला कपिलधार, पुढच्या साली श्रीशैल.

टपालानं पाठवू नको. गळ्यात घालून ये. मी काई बोलणार न्हाई, ओवाळीन फक्त.

भाऊबीजेपर्यंत उत्तर पाहिजे. न्हाई आलं तर दुसऱ्या दिवशी मी पुण्याला निघते, पायी. भद्र्याचे बूट काढून ठेवलेत, चिंध्या बी कोंबल्यात.

तुझी
आक्का