नव्वदची थरथर

ता. ४ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांना शि. सा. नमस्कार वि. वि.

मी खुशाल आहे, जीप नाही. तुम्ही सगळी उघडून, शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस बदलून दिलीत, पण ऐंशीपर्यंत गरीब गाय आणि नव्वदला पोचली की सीटखाली अशी थरथर, की आरशात मागचा एक ट्रक दोन दिसतो. स्टेअरिंग मात्र शांत.

शेवटचा दवाखाना लांब आहे आणि लशीच्या पेटीतला बर्फ माझी वाट बघत नाही. ऐंशीने गेले तर बर्फ वितळतो, नव्वदने गेले तर मी. साहेब म्हणाले, जुन्या गाड्या हलणारच, नाही जमत तर राजीनामा द्या. इकडे आड, तिकडे विहीर. काय करू ते कळवा.

रागवा, पण लोभ कमी करू नका.
तुमची भिंगरी

ता. ११ ऑगस्ट

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

साहेबांना म्हणावं, गाडी वयाने हलत नाही, कारणाने हलते. स्टेअरिंग शांत, म्हणजे पुढच्या चाकांवर संशय कमी. तरी चारही चाकं आतून धू, मागची पुढे लावून बघ. मग रिकाम्या सरळ रस्त्यावर नव्वदला न्यूट्रल कर. तरी थरथर राहिली तर इंजिन निर्दोष. पुढचा शाफ्ट काढून नुसत्या मागच्या चाकांवर चालव. तरीही राहिली तर चोर मागच्या शाफ्टमध्ये.

तो शाफ्ट दोन तुकड्यांचा, दातांवर एकात एक सरकणारा. सुटा करण्याआधी मी दोन्ही तुकड्यांवर पंचने एकेक ठिपका मारतो, हे तुला काय सांगायचं, त्यावरून लहानपणी ओरडा खाल्लायस. ठिपके समोरासमोर आले की दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे कान एका रेषेत बसतात, नाहीतर शाफ्ट थरथरतो. ते बसलेले असणारच. म्हणजे मग नवा क्रॉसच खोटा. दुकानदाराचा कान मी धरतो.

एकेक पायरी लिही, उड्या मारू नकोस.
तुझे बाबा

ता. १६ ऑगस्ट

ती. बाबांना नमस्कार. घाईत कार्ड टाकते. चाकं आतून धुतली, अदलाबदल केली. न्यूट्रल करून पाहिलं. पुढचा शाफ्टही काढला. थरथर तशीच. उद्या खाली शिरते.
भिंगरी

ता. १९ ऑगस्ट

ती. आईस सा. न.

हे पत्र बाबांना दाखवू नकोस. शाफ्टवर ठिपके नाहीत. रॉकेलने पुसलं, बोटांनी चाचपलं, एकही नाही. कान एका दाताने वाकडे बसलेत. मी शाफ्ट ओढून एक दात फिरवला आणि जीप शंभरलाही पाण्यासारखी गेली. मला आनंद व्हायला हवा होता. मी रस्त्याकडेला थांबून रडले.

तो शाफ्ट बाबांनीच जोडला होता. ठिपका विसरणारे बाबा माझ्या ओळखीचे नाहीत. घरी काही झालंय का? त्यांना आता काय लिहू?
तुझी भिंगरी

ता. २६ ऑगस्ट

चि. भिंगरीस आशीर्वाद.

झालंय. जेवून उठतात आणि थोड्या वेळाने जेवायला वाढ म्हणतात. जेवलात म्हटलं की चिडतात, म्हणून मी पुन्हा थोडं वाढते. गॅरेज सुटलं तर ते दिवसभर या दोन खोल्यांत, आणि मी त्यांच्याबरोबर. मला ते झेपणार नाही, खोटं कशाला बोलू. तू काहीतरी लिहून टाक. झाकली मूठ राहू दे.
तुझी आई

ता. २ सप्टेंबर

ती. बाबांना शि. सा. नमस्कार.

चोर सापडला. मागच्या चाकात चिखलाचा गोळा वाळून बसला होता. ठिपके अगदी समोरासमोर, कान एका रेषेत. तुमचं काम ते तुमचं काम. दुकानदाराला सोडून द्या.
तुमची भिंगरी

ता. २२ सप्टेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती भाजी निवडत राहिली, वर बघितलं नाही. मी मात्र खुशीत होतो. त्याच खुशीत शाळेच्या बसचे ब्रेक करून दिले.

नंतर तुझं सोळा ऑगस्टचं कार्ड हाती लागलं. धुतलेल्या चाकात चिखल कुठला? खोटंसुद्धा नीट जोडावं लागतं, बाई. एवढं मला अजून कळतं. म्हणजे ठिपके नव्हते.

मग बस आठवली. शाळेत गेलो तेव्हा मुलं चढत होती. ड्रायव्हर म्हणाला, काका, उद्या बघू. मी चाकापुढे बसलो, उठलोच नाही. शेवटी त्याने मुलांना उतरवलं. उघडून पाहिलं तर ब्रेकची एक पिन मी बसवलीच नव्हती. ती गॅरेजमध्ये ताटलीत पडलेली निघाली. आठवडाभर ती बस तशीच पोरं घेऊन फिरत होती.

गॅरेजची किल्ली आईकडे दिली. का, असं तिने विचारलं नाही. मग कळलं, तुम्हा दोघींना ठाऊक होतं. मी तुमच्यावर फार रागावलोय. शटर बंद करून बाहेर स्टुलावर बसतो. कोणी बॉनेट उघडं टाकून बघत उभं असलं की हात मांडीखाली दाबून धरावे लागतात. घरी जावंसं वाटत नाही आणि इथे काही करता येत नाही.

माझं काय निसटतंय ते मला कळत नाही, खरी गोम ती आहे. तुम्ही सांगाल तेवढंच आता मला कळणार. तेव्हा मला सांभाळून घेऊ नका. खरं काय ते सांगा. हेच पत्र मी तुला आधीही पाठवलं असेल, तर तसं लिही.
तुझे बाबा