कात्री लावायच्या आधीचे चार दिवस

मावशी, तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. तुम्ही होता तोवर आपल्या दोन घरांमध्ये जेमतेम दीड गल्लीचं अंतर होतं, आणि तुमचा आवाज तर त्याच्याही पुढं जायचा. तुम्ही गेलात त्याला आता बारा वर्षं होतील. परवा शिकायला आलेल्या एका मुलीनं मला विचारलं, तुम्हाला शिवण कुणी शिकवलं? मी तुमचं सांगायला लागले, आणि सांगता सांगता लक्षात आलं की शिवण तुमच्याकडून शिकले ते थोडंच. जास्त शिकले ते वेगळंच होतं.

नव्वदीची सुरुवात होती. बारावीचा निकाल बेताचा लागला होता आणि मी घरात नुसती बसून असायची. प्रत्येक कामाला माझं 'करते की' ठरलेलं. आईनं कंटाळून मला हाताला धरून तुमच्याकडं आणलं. मंगळवार पेठेतली तुमची ती पुढची खोली, दोन मशिनी, बेतायचं लांब टेबल, भिंतीला टेकून गिऱ्हाइकांसाठी बाकडं. मागं स्वयंपाकघर, त्यामुळं मशीनच्या तेलाचा वास आणि फोडणीचा वास कायम एकमेकांत मिसळलेले. आई म्हणाली, "हिला कामाला लावा, लई चालढकल करती." तुम्ही माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. माप घेतल्यासारखंच. म्हणालात, "उद्यापासनं दहाला ये. सव्वादहा वाजले तर दार बंद असंल."

शिंप्याकडचा 'उद्या' कसा असतो ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुमच्याकडं तसं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की तुम्ही आधी कापड उलगडून बघायचा, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं, आणि मग एकच वार सांगायचा. जमणार नसेल तर तोंडावर, "न्हाय जमायचं, दुसरीकडं जावा." बायका रागवून जायच्या आणि पुढच्या सणाला महिनाभर आधी परत यायच्या. सकाळी सगळ्यांत किचकट कापड तुम्ही पहिलं टेबलावर घ्यायचा. मी एकदा विचारलं, सोपं आधी का नाही? "सोपं काय, जांभया देत पण हुतंय. अवघड आधी केलं की दिवसभर डोक्यावर बसत न्हाय."

मला ते पटायचं, पण हाताला पटत नव्हतं. वर्षभरानं तुम्ही मला बेतायला द्यायला लागलात, तेव्हा ती गोष्ट घडली. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातून एक बाई आल्या होत्या, मुलीच्या लग्नातला ब्लाऊज शिवायला. शालूतूनच फाडलेलं आंबा रंगाचं जरीचं कापड, अगदी मापात. एक इंच चुकलं तर दुसरं कुठून आणणार? तुम्ही ते माझ्या हातात ठेवलंत आणि म्हणालात, "हे तू कर. शुक्रवार सांगितलाय."

सोमवारी मी मशीन पुसली, तेल घातलं. मंगळवारी दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणं लावली. बुधवारी बटणांचे डबे. ते कापड मी रोज उलगडायची, हात फिरवायची आणि घडी घालून ठेवायची. खोली इतकी झाकपाक त्याआधी कधी झाली नसेल. गुरुवारी तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडून विचारलंत, "जरीचं झालं न्हवं गं?" आणि मी म्हणाले, "झालं की, हुक तेवढं ऱ्हायल्यात." अजून कापडावर खडूचा डागसुद्धा नव्हता.

शुक्रवारी साडेनऊच्या एसटीनं त्या बाई हजर. दुसऱ्या दिवशी हळद. तुम्ही फळीवरचं गाठोडं उतरवलंत आणि आत घडी घातलेलं कोरं कापड निघालं. मला अजून तो क्षण दिसतो. तुम्ही कापड टेबलावर ठेवता आणि मला म्हणता, "पावण्यास्नी तूच सांग." मी खाली मान घालून सांगते की झालेलं नाही, बेतलेलंसुद्धा नाही. बाईंचा चेहरा उतरतो. "आवं, उद्या हळद हाय पोरीची. परवाच्याला काय अंगाला गुंडाळू?" मला वाटतं, आता तुम्ही मला बाजूला सारून स्वतः कात्री घ्याल. मला तेच हवं असतं. पण तुम्ही बाकड्यावर बसता आणि म्हणता, "बसा पावणं. तीन वाजता घिऊन जावा. हीच शिवणार."

मी खडू उचलला आणि परत ठेवला. तुम्ही जवळ येऊन हळू बोललात. तुम्हाला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. "तू आळशी न्हाईस. तू भ्यालीस. आळशी माणसानं रिळं लावली नसती. ब्लाऊज शिवू नको. नुसती पाठ बेत. पुढचं पुढं बघू."

नुसती पाठ. एवढंच करायचं होतं म्हणून कात्री उचलली गेली. जरीचा करकर आवाज झाला. पाठ झाली, मग पुढचा भाग, मग बाह्या. बेतून व्हायला पाऊण तासही लागला नाही. पाऊण तासासाठी मी चार दिवस ते कापड नुसतं कुरवाळत बसले होते. मध्ये गडबडीत उजवी बाही डाव्या मुंड्याला जोडली आणि पुन्हा उसवली. तुम्ही ते बघितलंत. आणि त्या बाईंना आत नेऊन भाकरी आणि मटकीची उसळ वाढलीत. जेवण झाल्यावर त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आण इकडं, हुक मी लावतो. बसून बसून कमार धरली." अडीचला ब्लाऊज तयार झाला. मुलीचा जुना ब्लाऊज मापाला आणला होता, त्यावर ठेवून बघितला. बरोब्बर. बाई पिशवी उचलत म्हणाल्या, "चार तासाचं काम हुतं व्हय? मग पोरी, चार दिस कुठं गेलं?" आणि तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की मलाही हसू आवरेना.

त्या गेल्यावर मात्र तुम्ही हसला नाहीत. "काम ऱ्हायलं तर ऱ्हायलं म्हणून सांगायचं. त्याला मी रागवत न्हाय. झालंय म्हणालीस, तिथं चुकलीस. तुझा दिवस तू कसा बी घालीव. त्या बाईनं लगीनघरातला एक दिवस हितं बाकड्यावर घालवला, तो तू खाल्लास." तुमच्या तोंडून मी पुष्कळ शिव्या ऐकल्या, पण लागलं ते एवढंच.

त्यानंतर मी एकदम सुधारले असं नाही. पण कुठल्या कापडाला हात लावावासा वाटेनासा झाला की ओळखायला लागले की मला याची भीती वाटते आहे. मग स्वतःला सांगायची, नुसती पाठ. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागायचं.

मी स्वतःचं दुकान काढायचं ठरवलं, तेव्हा तुम्ही कपाटाच्या तळातून एक जांभळं कापड काढलंत. तुमच्या भावानं घेतलेल्या साडीवरचं. साडी आठ वर्षं तशीच पडून होती, कारण ब्लाऊज नव्हता. सगळ्या पेठेचे ब्लाऊज वारावर देणारी बाई, आणि स्वतःचा आठ वर्षं राहिलेला. तुम्ही जरा लाजलात. "माझं मला शिवायला हात हुईना बग. ह्यो तू शीव. कवा देतीस?" मी कापड उलगडलं, कॅलेंडर बघितलं आणि शुक्रवार सांगितला. मग हौसेनं गुरुवारीच घेऊन आले. तुम्ही दारातच अडवलंत. "शुक्रवार म्हणालीस न्हवं? मी आज घरात हाय का न्हाय तुला काय ठावं?" पण घालून आरशासमोर उभ्या राहिलात ते बराच वेळ, आणि त्या रविवारी तीच साडी नेसून जोतिबाला जाऊन आलात.

तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या भाचीला काळजी होती की आता गिऱ्हाइकं कापडं मागायला येतील, काय सांगायचं. आम्ही दोघींनी मिळून कपाट उघडलं. सहा गाठोडी होती, सहाही शिवून, इस्त्री करून, वर चिठ्ठी लावलेली. भाची रडायला लागली आणि मला मात्र, खोटं कशाला सांगू, फार अभिमान वाटला. त्या बायका आपापल्या वारी आल्या आणि आपापलं घेऊन गेल्या.

आता माझ्याकडं तीन मुली शिकतात. दिवाळीच्या आधी मीही तोंडावर "न्हाय जमायचं" म्हणते, बायका रागवतात आणि परत येतात. एक मुलगी गेला आठवडाभर माझी सगळी बटणं रंगाप्रमाणं लावते आहे. तिला काय बोलायचं ते मला माहीत आहे. उद्या बोलेन म्हणते.

हे पत्र कुठं टाकणार? वहीतच राहील. तरी एक कबूल करून टाकते. आज सकाळी दहाला मला एक काळी मखमल बेतायला घ्यायची होती. मखमल कात्रीखाली सरकते, मला ती कधीच आवडली नाही. ती समोर टेबलावर आहे, तिच्यावर वही ठेवून मी लिहिते आहे, आणि आता पावणेबारा झालेत.