टाळूवरचं भोक

सूनबाई,

लोकर संपली, आणायला गेलेय. जेवण झाकून ठेवलंय. पोटभर जेव, दोन जिवांची आहेस.

काल तू बाळाच्या क्रोशाच्या टोपीची नवी सुरुवात दाखवत होतीस, तेव्हा "मला शिकवू नकोस" म्हणून मी तोंड फिरवलं. आज तू कामाला गेल्यावर गुपचूप करून पाहिली. बोटाभोवती लोकरीचा वेढा, त्यात सहा टाके, मग टोक ओढायचं. सात वेळा उसवलं. आठव्यांदा मधलं भोक मिटलं.

चार साखळ्या जोडून सुरू केलेल्या माझ्या टोप्यांना टाळूवर भोक राहायचंच. तुझ्या नवऱ्याचं बालपण त्यातच गेलं. त्याला सांगू नकोस.

टोपी तुझ्या उशीवर आहे. टोक लोंबतंय, ते कापू नकोस. आतून कसं ओवायचं, तेवढं संध्याकाळी शिकव.

आई