गवत संपेपर्यंत

प्रिय इंगुन,

फोन तू दोनदा मध्येच ठेवून दिलास, म्हणून कागद घेतलाय. कागदही मध्येच बाजूला ठेवता येतो हे मला कळतं, पण निदान तो तुझ्या टेबलावर पडून तरी राहील. सध्या माझी तेवढीच महत्त्वाकांक्षा आहे. हस की. इथे बोटीवर कुणी हसत नाही.

सोमवारी तुमच्या अंगणातून सूर्य हिवाळ्यापुरता कड्याआड गेला. तुझे बाबा नेहमीसारखे पायरीवर कॉफी घेऊन बसले होते. कड्याच्या टोकावर तो पाच मिनिटं दिसला आणि गेला. "आता फेब्रुवारीत," एवढंच म्हणून त्यांनी कप झटकला आणि आम्ही मोसमातल्या शेवटच्या फेरीला निघालो. बर्चची पिवळी पानं बघायला आलेले आठ प्रवासी, आणि चालत्या म्हाताऱ्यालाही मागे टाकू न शकणारं आपलं इंजिन. सकाळभर उजवा कडा, दुपारभर डावा. वळण आलं की वाटतं, आता समुद्र उघडेल. उघडतो तो आणखी एक कडा. मी कॉलेज अर्धवट सोडून आलो तेव्हा तू म्हणाली होतीस, "मी सांगितलं होतं का तुला?" नव्हतं सांगितलंस. तुझ्या बाबांचा खांदा मोडला म्हणून तू घरी आलीयस एवढं कानावर आलं आणि मी परीक्षा टाकून बस पकडली. तिसऱ्या आठवड्यात तू ट्रोम्सोला परत गेलीस. आता तिथे तू माशांचे रोग शिकतेस आणि इथे मी तुझ्या बापाच्या बोटीवर दोर ओढतो. चिडून पाय आपटावेत तर तेवढीही जागा नाही.

शेताचं हो की नाही ते तू कळवायचंस, तो एक नोव्हेंबर जवळ आलाय. एकुलती एक तू, शेतावर हक्क तुझा. आणि हक्क घेतला की तिथेच राहणं आलं, कायदाच तसा आहे. तू नाही म्हणालीस तर सगळं चुलत्याकडे जाणार. बाबा हा विषय काढत नाहीत. मी मात्र मनात दिवसातून शंभरदा तुझं 'येते' ऐकतो.

पण तुला मेंढीचं सांगायचंय. सप्टेंबरअखेर कळप डोंगरावरून उतरवला तेव्हा एक कमी भरली. मग दरवर्षीसारखं, दुर्बीण घेऊन बाबा सुकाणूपाशी आणि बोट कड्याला लागून मुंगीच्या चालीने. प्रवाशांना वाटलं, त्यांना फोटो काढता यावेत म्हणूनच हे चाललंय. ती सापडली धबधब्याच्या वरच्या कपारीत. हिरव्या गवतापायी एकेक टप्पा खाली उतरत गेलेली. आता वर उडी मारता येत नव्हती आणि खाली नुसतं पाणी. त्या फेरीत आमच्याकडे बोडिलबाई म्हणून डेन्मार्कच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, जीभ सुरीसारखी. "बया, खोली तर हिलाच झकास मिळालीय," त्या म्हणाल्या. त्या दिवशी जेवायला नेमकं कोबी-मटण होतं. "हिच्या मावशीचं का?" असंही विचारून झालं. पण मेंढीचं पुढे काय होतं ते बघायला त्यांनी पुढच्या फेरीचंही तिकीट काढलं.

मी लगेच कमरेला दोर बांधायला लागलो. "बस खाली," बाबा म्हणाले. मी म्हटलं, उपाशी मरेल ती. "नाही मरत. आज गेलास तर तुला बघून मागे सरेल, आणि मागे काय आहे? गवत संपू दे. पाय लटपटले की मग जायचं." हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना न सांगता वरून उतरलो. तिने पाय आपटला, मागे सरली, एक मागचा खूर अधांतरी. दगड निसटले ते पाण्यात पडल्याचा आवाज किती वेळाने आला! खालून बोटीतून बाबा ओरडले, "हालवर, वर जा, गाढवा!" मी गेलो. नंतर दहा दिवस आम्ही येता-जाता तिला बघत होतो. कपार तपकिरी होत गेली. आधी ती उभी असायची, मग बसलेली, मग मानही खाली. अकराव्या दिवशी बाबा म्हणाले, "आता."

ती हलली नाही, इंगुन. मी दोर बांधत असताना तिने हनुवटी माझ्या गुडघ्यावर टेकली. अंगात वजन असं नव्हतंच. खाली टाळ्या वाजल्या. बाबांनी तिला चिमूटभर गवत दिलं, जास्त दिलं तर पोट फुगतं म्हणून, आणि कॉफी ओतताना खुशीत म्हणाले, "बघितलंस? आता पळते का? माणसाचंही असंच रे. परकं गाव, भाड्याची खोली. आमच्या पोरीचा तिथे एक हिवाळा जाऊ दे फक्त." खरं सांगतो, मला आनंद झाला. क्षणभर नाही, चांगला कॉफी संपेपर्यंत. मग गुडघ्यावरचा ओला डाग दिसला. बोडिलबाईंनी विचारलं, "जिंकलास ना? मग तोंड का असं?" मी दोर गुंडाळायला घेतला.

हे पत्र त्यांनी मला लिहायला लावलंय. काल बरा हात माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाले, "तुझं ऐकेल ती. लिही की मी थकलोय. लिही की तू इथे आहेस. ती आली तर बोट तुझी." खोटं काहीच नाही त्यात, ते थकलेत, मी इथे आहे, आणि त्यांच्या त्या खांद्याला सोडून मला आता जाताही येत नाही. पण येऊ नकोस. थंडीला, एकटेपणाला कंटाळून येऊ नकोस, आमच्या दोघांच्या दयेने तर नकोच. तुझं 'नाही' असेल तर एक तारखेला त्यांना सरळ 'नाही' सांग. ते मोडतील, मी बघेन त्यांच्याकडे. आणि भरल्या पोटी, मजेत असताना कधी यावंसं वाटलं, तरच ये. पाकिटावर पत्ता त्यांनीच घातलाय, तिकीटही त्यांनीच चिकटवलंय. बोट धक्क्याला लागतेय. वरून हाक येतेय, "झालं का रे प्रेमपत्र? आण, मीच टाकतो पेटीत." झालं म्हणतो.

तुझाच, आणि वाट न बघायला शिकणारा,
हालवर